वरच्या खाचराची हाक

वरच्यानं पाणी सोडायच्या आधी खालच्याला हाक द्यायची, एवढं आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. वरून 'सोडते गं' म्हणायचं, खालून 'सोड' असं आलं की मगच बांधाचं तोंड उघडायचं. पाणी जास्त असेल तर मधल्या वेळात खालची बाई आपल्या खाचराच्या तोंडाशी फळी लावून घेते. मग जास्तीचं पाणी कडेच्या चरातून ओढ्याला जातं आणि तिच्या भाताच्या पाण्यात पाळलेले मासे जागच्या जागी राहतात. फळी लावायला वेळ तो किती, चिलीम भरायला लागतो तेवढा.

चाळीस वर्षं मी ही हाक दिली. एकदा दिली नाही. त्या एकदाचंच सांगायचंय.

त्या वर्षी तंबाखू बरी होती. आषाढाच्या सुमाराला खरेदी केंद्राचा माणूस मोटारसायकलवरून आला नि म्हणाला, "बुडख्याची चार पानं आणि शेंड्याची दोन आम्ही घेणार नाही. खुडून नष्ट करा."

"नष्ट म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"नष्ट म्हणजे नष्ट. मी फोटो काढायला येईन तेव्हा शेतात दिसता कामा नयेत."

आता डोंगरावरच्या गावात वस्तू नष्ट होते कुठं? इथं काहीही कुठंही टाका, ते कुणाच्या तरी वरच पडतं. सगळ्या गावानं पानं मागच्या घळीत ढकलली. आमची तंबाखू वाळवायची भट्टी गावाच्या माथ्यावर, घळ लांब, म्हणून आम्ही भट्टीच्या मागंच ढीग घातला. आठ दिवसांत ढीग तापला, बसला, खालून काळं पाणी गळायला लागलं. घळीतले खेकडे त्याच महिन्यात दिसेनासे झाले. कोंबड्या ढिगाच्या बाजूला फिरकत नव्हत्या. कोंबड्यांना कळलं होतं, पण त्यांना विचारतंय कोण.

तंबाखूचं पान काय करतं हे आम्हाला नवं नव्हतं. ओली पानं खुडली की हाताला काळा डिंक बसतो, दुपारी डोकं गरगरतं, लियानच्या बापाला तर दरसाल ओकाऱ्या होतात. लियानचा बाप म्हणजे माझा नवरा, दाचंग. लियान आमची एकुलती एक, ती दूर ग्वांगदोंग प्रांतात बुटांच्या कारखान्यात असते. पोर झालं की आमच्याकडे आईबापाची नावं गळून पडतात. मी लियानची आई. आमच्या खालचं खाचर वानच्या आईचं. वान तिचा मुलगा, तोही तिकडंच. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. घरात ती आणि तिची म्हातारी सासू. त्या म्हातारीला सगळं गाव सा म्हणायचं, म्हणजे आजी. शहाऐंशी वर्षांची होती आणि जीभ सोळा वर्षांची.

भात पोटरीला आलं आणि आमच्या खाचरात खोडकिडा शिरला. मधले कोंब पांढरे पडायला लागले. लियानचा बाप बांधावर बसून एकेक चूड उपटून बघायचा नि थुंकायचा.

"बाबा प्रत्येक चुडाच्या बुडाशी तंबाखूचं एकेक कांडं खोचायचे," एके दिवशी तो म्हणाला. "किडा मरायचा, मासा जगायचा. दुकानातलं औषध कुणाला माहीत होतं?"

"ते कांडं होतं. परसातल्या तंबाखूचं."

"मग आपल्याकडे अख्खा ढीग पडलाय की. फुकटचा. भट्टीतला भुगा आहे दोन पोती, तोही घालू."

"मासे?"

"पान आहे गं ते, औषध थोडंच आहे," तो म्हणाला.

असं म्हणाला खरा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन खाचरात उतरला आणि आमचे सगळे मासे काढून ओढ्याकाठच्या डबक्यात नेऊन सोडले. मी मागून दुसरी टोपली घेऊन चालत होते. मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. म्हणून मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

म्हशीच्या लोळणीच्या खड्ड्यात आम्ही पानं आणि भुगा तीन दिवस भिजत घातला. मग कावडीनं ते पाणी खाचरात ओतलं. कोऱ्या चहासारखा रंग, वास मात्र असा की नाकातून डोळ्यांत जावा. माझ्या पोटऱ्यांना खाज सुटली, खांद्याला कावडीचा वण पडला. तिसऱ्या खेपेला जळवा पोट वर करून तरंगायला लागल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं. जन्मभर रक्त प्यायल्या होत्या.

लियानच्या बापानं बांधाचं तोंड दगड आणि चिखलानं लिंपून टाकलं. "पाच दिवस उघडायचं नाही," तो म्हणाला. "पाच दिवसांत त्याचा जोर मरतो."

"आणि तोवर खाली गेलं तर?"

"कशाला जातंय? बंद केलंय ना."

त्यानंतर तो भट्टीवर गेला. पानं भट्टीत चढवली की सात दिवस आगीपाशी माणूस लागतो. घरी मी एकटी.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. आमच्या डोंगराला पाऊस नवा नाही, पण तो दिवसभर आणि सगळी रात्र धरून होता. उजाडायला मी फावडं घेऊन बांधावर गेले तर पाणी काठोकाठ, आणि बांधाच्या पोटातून बोटभर धार सुटलेली. बांध फुटला असता तर वरची माती, आमचं भात, सगळं खाली वानच्या आईच्या खाचरात. आणि तो बांध परत घालायला दोन माणसांचे वीस दिवस.

तोंड उघडणं भागच होतं. त्याबद्दल मला कुणी बोल लावला तर मी भांडेन. पण हाक.

खाली वानच्या आईच्या छपरातून धूर निघत होता. म्हणजे ती उठली होती. तिचं घर तिच्या खाचराच्या कडेलाच खांबांवर उभं आहे, माझी हाक तिच्या चुलीपर्यंत जाते. हाक घशापर्यंत आली. मग मनात आलं, हाक दिली की ती बाहेर येणार. बाहेर आली की म्हणणार, काय गं, पाऊस फार झाला का. पाणी बघणार. म्हणणार, असं तांबडं का गं, चहा ओतलास का. आणि मग मला सांगावं लागणार की आम्ही काय केलंय, आणि आमचे मासे आधीच कसे काढून घेतलेत.

मी स्वतःला सांगितलं, तीन दिवस झाले, निम्मा जोर मेला असेल. पावसाचं पाणी पडलंय, पातळ झालं असेल. आणखी काय काय सांगितलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं. मग दगड काढला. पाणी भसकन गेलं. मी फावडं खांद्यावर टाकून घरी आले आणि डुकरांचं आंबोण शिजवत बसले.

जेवणवेळेच्या आधी खालून हाक आली. तिनं दिली.

"लियानच्या आई, अगं जरा ये. माझ्या माशांना काय झालं बघ."

मी गेले. पाऊस उघडला होता. तिच्या खाचरात भाताच्या ओळींमधून मासे आडवे पडले होते. वीतभर वाढलेले, सोनेरी पाठीचे. काही अजून तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होते, एका अंगावर गोल फिरत होते. वानच्या आईनं पायजम्याचे पाय गुडघ्यावर चढवले होते आणि ती टोपलीत मासे वेचत होती. रडत नव्हती. ती रडणाऱ्यातली नाही.

"वीज पडली असेल का गं पाण्यात?" तिनं विचारलं.

"असेल."

"नाहीतर उकाड्यानं. पावसाआधी चार दिवस कसं तापलं होतं. तुझे कसे आहेत?"

"आम्ही काढलेत," मी म्हणाले. "ओढ्याकाठी डबक्यात ठेवलेत."

"बघ, तुला आधीच सुचलं. मला मेलीला कुठलं सुचतंय." तिनं एक मासा उचलून त्याचा कल्ला उघडून मला दाखवला. "लाल आहे अजून. आत्ताच गेलेत. टाकवत नाहीत गं. साच्या रांजणात घालते. तू भरून दे, तुझ्या हातचा मासा बिघडत नाही."

रांजणाचं सांगायला हवं. आमच्यात म्हाताऱ्या माणसाच्या नावानं मासा आंबवून ठेवतात. मीठ, तिखट, चिकट भात, थरावर थर. माणूस जाईपर्यंत तो रांजण उघडायचा नाही. घरात मयत झालं की घरच्यांना मांस वर्ज्य, मासा चालतो, आणि आलेल्या प्रत्येकाच्या वाडग्यात त्या रांजणातला तुकडा पडावा लागतो. नाही पडला तर लोक वर्षानुवर्षं बोलतात, म्हातारीला वाटेला लावलं तेव्हा रांजण रिकामा होता म्हणून. म्हातारीचा रांजण चौदा वर्षं मुरत होता. पण दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगाच आधी गेला, अचानक, लाकडं तोडायला गेला तिथंच. त्याच्यासाठी तो रांजण उघडावा लागला.

त्या दुपारी आम्ही दोघी घराच्या खाली, खांबांमध्ये बसून मासे साफ केले. पाठीवरून चिरायचे, आतडी काढायची, धुवायचे, मीठ चोळायचं. सा वर जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती.

"माझा रांजण माझ्या लेकानं संपवला," ती म्हणाली. "त्याला काय घाई होती देव जाणे. चौदा वर्षांचा मासा, लोकांनी बोटं चाटली. मला आता परत पहिल्यापासून."

"सा, असं बोलू नये," वानची आई म्हणाली.

"का गं? मरायचं मला आहे. लियानच्या आई, तिखट घालताना हात आखडू नकोस. फिक्या माशावर मी जायची नाही."

"घालते, सा," मी म्हणाले.

"हाताला काय झालं, एकच मासा धरून बसलीस."

"गार पाणी आहे."

"तरणी असून तुला गारवा. मला बघ, सगळी हाडं वाजतात तरी अजून जायचं नाव नाही." आणि हसली. तिला आनंद झाला होता. दोन वर्षं ती रिकाम्या रांजणाशेजारी झोपत होती.

मी थर लावले. प्रत्येक मासा उचलताना वाटायचं, आता सांगते. हा थर झाला की सांगते. मग पुढचा थर. शेवटी वर भाताची मूठ दाबली, झाकण बसवलं, कडेच्या पन्हळीत पाणी ओतलं. आमच्यात ज्यानं भरला त्यानंच उघडायचा आणि पहिला घास त्यानंच घ्यायचा. सानं मला जवळ बोलावून तिच्या सुरकुतलेल्या हातानं माझ्या हातावरचं मीठ पुसलं. "तुझ्या हातानं उघड हं," म्हणाली.

आतडी मी टोपलीत घालून घरी आणली आणि हाताच्या सवयीनं बदकांना टाकली. तिन्हीसांजेला दोन बदकं माना पाठीवर टाकून अंगणात फिरत होती, पंख आपटत होती. लियानचा बाप भट्टीवरून जेवायला आला तेव्हा ती थंड झाली होती. मी सगळं सांगितलं. तो वाडगा हातात धरून ऐकत होता.

"बदकं म्हातारी झाली होती," तो म्हणाला.

"काल अंडं दिलंय त्यातल्या एकीनं."

"आतड्यात असतं ते सगळं. मांसात नसतं. मीठ तिखट लागलं की काय राहतंय?"

"तुम्हाला माहीत आहे? खात्रीनं?"

तो परत भात चिवडायला लागला.

"उद्या सांगू या," मी म्हणाले.

"काय सांगशील? आपले काढले आणि तुझे मारले, असं?"

"हो."

"मग जा. मी अडवत नाही."

त्यानं अडवलं नाही आणि मी गेले नाही. दोष त्याच्यावर ढकलायला आजही जीभ शिवशिवते, पण तोंड मी उघडलं होतं आणि तोंड मीच मिटलं होतं.

भात कापून झालं. आम्हाला पीक बरं आलं, किडा मेला होता. मी वानच्या आईची कापणी करून दिली, सरपण आणून दिलं, हिवाळ्यात डुक्कर मारलं तेव्हा मांडीचा चांगला तुकडा तिच्याकडे पोचवला. आमच्या डबक्यातले निम्मे मासे पुढच्या पैदाशीला तिला दिले. ती चारचौघांत सांगायची, "शेजार असावा तर लियानच्या आईसारखा. पूर्वजन्मीचं काहीतरी आहे." बायका माझ्याकडे बघून माना हलवायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एकदा मला भलताच राग आला, तिच्यावर. वाटलं, हिला कळत कसं नाही. पाणी वरून येतं, वर कोण आहे हे बघायला डोळे लागतात का.

पण ती माझ्यावर संशय कसा घेणार? हाक आली नव्हती ना. हाक आली नाही म्हणजे पाणी सोडलं नाही. आमच्या गावात असंच समजतात.

आठवड्यातून एकदा मी साच्याकडे जायची. रांजणाच्या पन्हळीतलं पाणी आटलं तर हवा आत जाते, म्हणून ते भरायला. सा अंथरुणातून बघायची.

"माझ्या मरणाची फार काळजी तुला," ती एकदा म्हणाली. "सुनेपेक्षा जास्त."

"पाणी कमी झालं होतं, सा."

"काय सलतंय गं तुला? पावसाळ्यापासून बघतेय, तुझं तोंड वाळक्या मिरचीसारखं झालंय. दाचंग मारतो की काय?"

"नाही, सा."

"मग तू त्याला मार. बरं वाटेल." ती दम लागेपर्यंत हसली. मी तिला पाणी पाजलं. त्या दिवशी तरी सांगायचं होतं. तिनं विचारलं होतं. तोंडाशी आलेलं मी दोनदा गिळलं.

घरी येऊन लियानच्या बापाला म्हटलं, "आपला रांजण त्यांना देऊ. आपण परत भरू." आमचा रांजण आम्हा दोघांसाठी होता, लियान लहान असताना भरलेला.

"काय म्हणून देऊ? कारण काय सांगू?" तो म्हणाला.

कारण सांगायचं नसेल तर रांजण देता येत नव्हता, आणि कारण सांगायचं असेल तर रांजण देऊन भागणार नव्हतं.

तंबाखूची रोपं कपांत लावायच्या दिवसांत सा गेली. पहाटे झोपेतच. मयताची वर्दी देणारी फटाक्याची माळ गावभर वाजली आणि मी हातातलं रोप चिरडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं गाव वानच्या आईच्या घरात जमलं. वान रेल्वेनं आला होता, डोक्याला पांढरं फडकं बांधून बापाच्या जागी उभा होता. म्हातारीला निळ्या कापडात, चांदीचं कडं घालून मधल्या खोलीत ठेवलं होतं. बाया भाताची वाफाळती भांडी उतरवत होत्या. लांबच्या वाडीचे पाहुणे बाकांवर बसले होते, त्यांच्यात दोन गरोदर बायका, कितीतरी पोरं. कुळातले थोरले काका म्हणाले, "रांजण काढा. भरणारी कोण?"

"लियानची आई," वानची आई म्हणाली. तिनं माझा हात धरून मला पुढं नेलं. तिचा हात गरम होता.

मी पन्हळीतलं पाणी टिपलं. झाकण काढलं. वास सुटला आणि बाकावरची माणसं सरसावून बसली. उत्तम मुरला होता. लाल, घट्ट, काटा मऊ झालेला. माझ्या हातचा इतका चांगला मासा पूर्वी झाला नव्हता. वानच्या आईनं एक तुकडा साच्या उशाशी ठेवला, दुसरा वाडग्यात घालून माझ्यापुढं धरला. पहिला घास.

तो खाऊन टाकावा असं मनात आलं. मला काही झालं तर लोक आपोआप खाणार नाहीत, नाही झालं तर प्रश्नच मिटला. पण एका घासानं मोठ्या बाईला काय होतंय? काही झालं नसतं, आणि मग सगळ्यांनी खाल्लं असतं, पोरांनीसुद्धा.

मी वाडगा खाली ठेवला आणि बाहेर सज्ज्यात गेले. तिथून तिचं खाचर दिसतं, वर आमचं. माझ्या तोंडून दुसरं काही येईना. हाक आली.

"सोडते गं," मी ओरडले. "वानच्या आई, पाणी सोडते गं."

माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, हिला झपाटलं. लियानचा बाप बाकावरून उठला आणि तिथंच उभा राहिला.

मी आत वळले आणि सांगितलं. पानांचा ढीग, भुगा, खड्डा, आमचे मासे आधी काढले ते, पाऊस, दगड. बदकंसुद्धा सांगितली. थोरल्या काकांनी मध्येच हात वर केला. "आता सांगून काय उपयोग, सूनबाई? न सांगता खाल्लं असतं तर पचलंही असतं. म्हातारी अशी पडलीय आणि तू आत्ता?"

"काल सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "मागच्या वर्षी सांगायला हवं होतं. पण यातलं कुणी खाऊ नका."

एका पाहुणीनं पोराच्या हातातला वाडगा काढून घेतला. मग सगळ्यांनीच वाडगे खाली ठेवले. वान माझ्या अंगावर यायला निघाला, त्याच्या आईनं त्याला एका हातानं थांबवलं. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"पहाटे सोडलंस?" तिनं विचारलं.

"उजाडताना."

"मी चुलीपाशीच होते."

"धूर दिसत होता मला."

"हाक दिली असतीस तर मी फळी लावली असती," ती म्हणाली. "का सोडतेस असं विचारलंसुद्धा नसतं. फळी लावली असती नि परत चुलीपाशी गेले असते. एवढंच काम होतं."

त्यानंतर ती आत गेली आणि सासूच्या उशाशी ठेवलेला तुकडा उचलून घेतला.

लियानचा बाप निघून गेला. अर्ध्या तासानं चढणीवरून खाली येताना दिसला, पाठीला दोरानं आमचा रांजण बांधलेला. दर चार पावलांना तो टेकत होता. रांजण त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवला, आत आणला नाही. थोरल्या काकांनी वानच्या आईकडे बघितलं. गेलेलं माणूस ताटकळत ठेवता येत नाही, पाहुणे उपाशी. तिनं होकाराची मान हलवली. माझ्याऐवजी दुसऱ्या बाईनं तो उघडला.

जेवणं झाली. वानच्या आईनं स्वतः फिरून प्रत्येकाच्या वाडग्यात मासा घातला. आम्ही दोघं शेवटच्या बाकावर होतो. ती आमच्यापर्यंत आली आणि पुढं गेली. एकवीस वर्षं मुरलेला आमचाच मासा, आमच्या वाडग्यात पडला नाही. आम्ही कोरडा भात खाल्ला आणि उठलो.

मग तो पहिला रांजण कुठं टाकायचा यावरून बोलाचाली झाली. लियानचा बाप घळीकडं नेतो म्हणाला. "तिथं नको," एक जण म्हणाला, "खाली आमची पाण्याची टाकी आहे." ओढ्यापलीकडं म्हटलं तर तिथं कुणाची भाजी. बांबूच्या बनात म्हटलं तर त्याच्याखाली झरा. प्रत्येक जागेच्या खाली कुणीतरी होतंच. बोलता बोलता सगळ्यांची नजर घळीकडं गेली, जिथं सगळ्या गावाची पानं वर्षभर कुजत पडली होती, आणि बोलणं आपोआप थांबलं. शेवटी रांजण आम्ही आमच्या भट्टीत, छपराखालच्या जमिनीत पुरला. पाऊस तिथवर पोचत नाही. त्याच्यावर आम्ही तंबाखू वाळवतो.

या वर्षीही खरेदी केंद्राचा माणूस आला, नष्ट करा म्हणाला, फोटो काढून गेला. आम्ही पानं भट्टीत सुकवून जाळतो. वारा फिरला की गावाच्याही वर डोंगरात वस्ती आहे, तिथली माणसं खोकतात.

भाताला पाणी चालू आहे. मी बांधावर उभी राहते आणि हाक देते, "सोडते गं." मुद्दाम मोठ्यानं देते, दोन डोंगरांना ऐकू जावी अशी. 'सोड' आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा आमचा रिवाज, म्हणून मी फावड्यावर हात टेकून थांबते. खाली वानची आई घरातून बाहेर येते. वर बघत नाही. वाकून फळी लावते, कडा चिखलानं नीट लिंपते, पाण्यात हात धुते आणि आत जाते. पूर्वी ती फळी फक्त पाणी जास्त झालं तरच लावायची.

'सोड' ती म्हणत नाही. मी आणखी थोडी थांबते आणि मग दगड काढते.